तसबिरीतली आई: मर्ल ओबेरॉनचं घर आणि तिची चार लग्नं

१९३०च्या आगेमागे लंडनमध्ये, पुढे हॉलिवुडची नटी म्हणून गाजलेल्या मर्ल ओबेरॉनच्या फ्लॅटवर कुणी गेलं, तर चहा घेऊन एक सावळी, पोक्त बाई बाहेर यायची. ही आमची आया, हिंदुस्थानातून बरोबर आणलेली, असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. बाई फारशी बोलायची नाही. कप ठेवून आत निघून जायची. त्या घरी जाऊन आलेल्या कित्येकांनी पुढे ही आठवण सांगितली आहे.

ती आया नव्हती. तिचं नाव शार्लट सेल्बी, आणि मर्लने बोलायला शिकल्यापासून तिला आई म्हटलं होतं.

दोघीही जग सोडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मुंबईतल्या सरकारी जन्मनोंदीतली गोष्ट जगापुढे आली. शार्लट मर्लची आईसुद्धा नव्हती, आजी होती. जन्म देणारी आई म्हणजे शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स. मर्ल तिला मोठी बहीण समजत वाढली.

हॉलिवुडच्या जुन्या नटनट्यांच्या लग्नांवर पुष्कळ लिहिलं जातं. कुणी किती वेळा लग्न केलं, घटस्फोटात काय मिळालं, कोण कुणाबरोबर पळालं. मर्लची चार लग्नं झाली, त्यामुळे तिच्याबद्दलही असं पुष्कळ छापून आलं आहे. मला मात्र तिची लग्नं तिच्या मुंबईतल्या घरापासून वेगळी काढता येत नाहीत. त्या घरात जे झाकलं गेलं, त्याच्यावर पुढच्या प्रत्येक लग्नाने आणखी एक पदर घातला. म्हणून हे प्रकरण मी चार नवऱ्यांपासून सुरू न करता तीन बायकांपासून सुरू करतो: आजी, आई आणि मुलगी.

मुंबई, १९११

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन या मुलीचा जन्म झाला. बाप म्हणून आर्थर थॉम्प्सनचं नाव लागलं. तो मूळचा इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचा मेकॅनिकल इंजिनियर, इथे रेल्वेत नोकरीला. शार्लट त्याच्याबरोबर राहत होती. ती सिलोनची, मिश्र वंशाची. तिची मुलगी कॉन्स्टन्स तिला तिच्या स्वतःच्या कोवळ्या वयातच झालेली, तिकडच्या एका चहामळ्यावर काम करणाऱ्या गोऱ्या माणसापासून.

आणि मर्ल जन्माला आली तेव्हा कॉन्स्टन्स जेमतेम बारा-चौदा वर्षांची होती.

हे वाक्य लिहून मी थांबलो, आणि वाचणाऱ्यानेही थांबावं असं मला वाटतं. आपल्या घरात राहणाऱ्या पुरुषापासून आपल्या अजाण मुलीला मूल झालं, हे शार्लटसमोर होतं. त्या वयाच्या मुलीवर काय गुदरलं असेल ते वेगळं सांगायला नको. पोलीस, न्याय, समाज यांतलं काहीही तिच्या बाजूचं नव्हतं. गोऱ्या माणसाच्या पगारावर चालणारं, लग्नाच्या कागदाचा आधार नसलेलं घर होतं ते. शार्लटने मूल आपलं म्हणून जाहीर केलं. कॉन्स्टन्स ताई झाली, आजी आई झाली, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

असं पूर्वी बऱ्याच समाजांत होत आलं आहे, आपल्याकडेही. लेकीचं मूल आईने आपलं म्हणून वाढवायचं आणि लेकीने आयुष्यभर त्याच्यासमोर ताई म्हणून वावरायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे खोटं वाटेल. आतून पाहिलं तर त्या खोट्याने दोन मुली वाचवल्या. कॉन्स्टन्सचं पुढे लग्न होऊ शकलं, तिला आणखी चार मुलं झाली. आणि मर्लला एक आई मिळाली, जिने तिला जीव लावून वाढवलं.

लाडाचं नाव क्वीनी. १९११च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, त्या राणीवरून ते ठेवलं गेलं. त्याच भेटीच्या स्मरणार्थ पुढे त्या बंदरावर गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. पायाभरणी १९१३ला झाली आणि काम संपलं १९२४ला. गेटवेवर गेलं की मला त्या दगडी कमानीबरोबर ही दुसरी खूणही आठवते. एकाच राणीच्या नावाने एक कमान उभी राहिली आणि रेल्वेच्या एका घरात एका मुलीला हाक मारली गेली.

आर्थर १९१४ला महायुद्धावर गेला आणि तिकडेच न्यूमोनियाने वारला. मग मुंबईतल्या भाड्याच्या कळकट खोल्या, आणि १९१७ला कलकत्ता.

रुपयात किती आणे

अँग्लो-इंडियन समाजात तेव्हा रंगाचा हिशेब आण्यांत व्हायचा. अमका रुपयात चार आणे काळा, तमका आठ आणे. मिश्र वंशाच्या लोकांच्या इंग्रजी बोलण्याला गोरे लोक ‘चीची’ म्हणून हिणवायचे. मर्लला कलकत्त्याच्या ला मार्टिनिअर या नामांकित मुलींच्या शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तिथे तिच्या वंशावरून तिला इतकं टोचलं गेलं की तिने शाळाच सोडली आणि घरी शिकली. हॉलिवुडने तिला लाज शिकवली असं म्हणणाऱ्यांनी ही शाळा लक्षात घ्यावी. लाजेचा धडा तिला हॉलिवुडच्या कितीतरी वर्षं आधी, फळा-खडूच्या वयात मिळाला होता.

थोडी मोठी झाल्यावर तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. फावल्या वेळात कलकत्त्याच्या हौशी इंग्रजी नाटकमंडळीत काम, आणि संध्याकाळी फिर्पोज रेस्टॉरंट. तिथे १९२९मध्ये तिची ओळख झाली बेन फिनी या माजी नटाशी. तो तिच्यावर भाळला. मग एके दिवशी घरी आला आणि त्याने शार्लटला पाहिलं. आईचा रंग पाहून मुलीचा वंश त्याच्या ध्यानात आला, आणि त्याचा विचार बदलला. त्याने लग्नाचा विषय संपवला. फ्रान्सला आलीस तर नीसच्या स्टुडिओत दिग्दर्शकाशी ओळख करून देईन, एवढं सांगितलं.

या प्रकरणाची किल्ली मला या प्रसंगात सापडते. अठरा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळलं की तिचा स्वतःचा चेहरा तिला दगा देत नाही. तिला दगा देतो तो आईचा चेहरा. ती एकटी उभी राहिली तर इटालियन, फ्रेंच, आयरिश, काहीही म्हणून खपून जायची. शार्लट शेजारी उभी राहिली की खेळ संपला.

तरी ती शार्लटला मागे ठेवून गेली नाही. बरोबर घेऊन गेली. आईचं सोंग सोडायचं, आयाचं घ्यायचं, हे त्या दोघींनी मिळून ठरवलं असणार, असं मला वाटतं. शार्लट अशा गोष्टीत नवखी नव्हतीच. लेकीच्या मुलाची आई होण्यासाठी तिने एकदा नातं बदललं होतं. आता त्याच मुलीला पडद्यावर पोचवण्यासाठी दुसऱ्यांदा बदललं. फरक एवढाच की पहिल्या वेळी खोट्याने एक जीव घरात घेतला, आणि दुसऱ्या वेळी खोट्याने एका बाईला स्वतःच्याच घरात स्वयंपाकघरापलीकडे लोटलं.

पहिलं लग्न: जिथे पत्ता तयार झाला

लंडनमध्ये तिने कॅफे द पॅरिसमध्ये काम केलं, सिनेमात गर्दीतल्या भूमिका केल्या. तिथे अलेक्झांडर कॉर्डाची नजर तिच्यावर पडली. कॉर्डाही बाहेरचाच. हंगेरीतला ज्यू, जन्माचं नाव शांडोर केल्नर. स्वतःचं नाव, भाषा, देश बदलून तो इंग्रजी सिनेमाचा मोठा निर्माता झाला होता. नवं आयुष्य कसं शिवायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

१९३३च्या आठव्या हेन्रीवरच्या त्याच्या गाजलेल्या चित्रपटात मर्लला ॲन बोलिनची छोटी भूमिका मिळाली. नवं नाव आधीच ठरलं होतं: मर्ल ओबेरॉन. आता जन्मगाव ठरवायचं होतं. ते निघालं टास्मानियातलं होबार्ट. ऑस्ट्रेलियाच्या खालचं ते बेट लंडनपासून इतकं लांब की कुणी विचारायला जाणार नाही, आणि तरी गोरं, ब्रिटिश, सभ्य. जन्माच्या नोंदी आगीत जळाल्या असंही सांगितलं गेलं.

याच कॉर्डाने काही वर्षांनी म्हैसूरच्या हत्तीखान्यातून साबू या पोराला लंडनला आणलं आणि त्याला हत्ती, जंगल, फेटा यांच्यासह जगभर विकलं. साबूचं हिंदुस्थानीपण पोस्टरवर मोठ्या अक्षरांत, मर्लचं सात कुलपांत. मला हे दोन निर्णय एकाच टेबलावर घेतलेले दिसतात. मुलाने महाराजाच्या अंगणातलं पोर म्हणून दिसावं. बाईला मात्र गोऱ्या नायकाच्या मिठीत जायचं होतं, आणि तिथे सावळेपणाला प्रवेश नव्हता.

प्रवेश नव्हता, आणि ही मनाई अगदी लेखी होती. अमेरिकेत १९३०ला केलेली आणि १९३४पासून कडकपणे राबवलेली चित्रपटांची आचारसंहिता वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रीपुरुषांचे संबंध पडद्यावर दाखवायला मनाई करायची. शब्द काळ्यागोऱ्यांबद्दल होते, पण स्टुडिओ आशियाई चेहऱ्यांनाही तोच न्याय लावत. लॉस एंजलिसमध्ये जन्मलेली ॲना मे वाँग तेव्हाची सगळ्यात नावाजलेली चिनी-अमेरिकन नटी. चीनमधल्या शेतकरी कुटुंबावरच्या १९३७च्या मोठ्या चित्रपटात नायिकेची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नायक गोरा नट होता. भूमिका गोऱ्या लुईझ रायनरकडे गेली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं.

पडद्याबाहेरही तेच. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानसकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना अमेरिकेची दारं बंद होती. १९२३मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोऱ्यांत मोडत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. हे १९४६पर्यंत चाललं. कॅलिफोर्नियात वंशाबाहेरच्या लग्नांना मनाई करणारा कायदा १९४८पर्यंत होता. त्यात हिंदी लोकांचा नावाने उल्लेख नव्हता, पण परवाना देणारा कारकून समोरच्याचा रंग पाहून ठरवायचा. म्हणजे मर्ल खोटं बोलत होती ते निव्वळ भूमिकांसाठी नव्हतं. तिचा देशातला मुक्काम, तिची लग्नं, सगळं त्या खोट्यावर उभं होतं.

अमेरिकेत निर्माता सॅम्युअल गोल्डविनने तिच्या चेहऱ्यावरचा गूढ पौर्वात्य मेकअप धुऊन तिला इंग्रज घरातली सालस मुलगी बनवलं. १९३५च्या त्या ‘द डार्क एंजल’ चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आज सिनेमाचा इतिहास लिहिणारे तिला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालेली पहिली आशियाई वंशाची स्त्री मानतात. ते तिला जिवंतपणी कुणी म्हणालं असतं, तर ती कोसळली असती.

१९३७ हे वर्ष वाईट गेलं. लंडनमध्ये मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या, कॉर्डाचा रोमन सम्राट क्लॉडियसवरचा चित्रपट अर्धवट बंद पडला. आणि त्याच वर्षी शार्लट वारली. आया म्हणूनच.

दोन वर्षांनी, जून १९३९मध्ये, फ्रान्समधल्या आंतीब इथे मर्लने कॉर्डाशी लग्न केलं. त्याच वर्षी ‘वुदरिंग हाइट्स’मधली यॉर्कशायरच्या माळरानावरची कॅथी पडद्यावर आली, तिची सगळ्यात गाजलेली भूमिका. १९४२ला कॉर्डाला ‘सर’ किताब मिळाला आणि मुंबईची क्वीनी लेडी कॉर्डा झाली. ज्या राणीच्या नावाने तिचं लाडाचं नाव ठेवलेलं, तिच्याच घराण्याकडून आलेला हा किताब. नाव, पत्ता, दर्जा, सगळं या लग्नाने दिलं. कॉर्डा तिच्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठा, तिचा मालक आणि नवरा एकाच वेळी. तिचं गुपित तयार करणाराही तोच. ज्या माणसाला तुमचं सगळं खोटं माहीत आहे, कारण ते त्यानेच लिहिलं आहे, त्याच्याबरोबर संसार करणं सुखाचं असेल की कोंडमाऱ्याचं? दोन्ही असेल. १९४५ला ते वेगळे झाले.

दुसरं लग्न: उजेड

१९४०मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी यांनी तिच्या चेहऱ्याची कातडी बिघडली. कॉर्डाने तिला न्यूयॉर्कला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कातडी घासून काढण्याचे उपचार पुन्हा पुन्हा झाले, तरी व्रण पूर्ण गेले नाहीत. कॅमेऱ्यासमोर ते दिसायचे.

१९४४च्या ‘द लॉजर’ चित्रपटाच्या वेळी छायालेखक लुसियन बॅलर्डने कॅमेऱ्याच्या भिंगाजवळच एक दिवा बसवला. समोरून पडणाऱ्या त्या उजेडात व्रण आणि सुरकुत्या विरून जायच्या. दिव्याला त्याने तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हटलं, आणि सिनेमावाल्यांच्या बोलण्यात तो शब्द टिकून राहिला. १९४५ला दोघांनी लग्न केलं.

सिनेमाच्या जगात यापेक्षा हळवी प्रेमाची भेट मला माहीत नाही. कुणी अंगठी देतो, कुणी घर. याने तिला उजेड दिला. पण त्या उजेडाकडे दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं: समोरून पडणारा दिवा व्रणाबरोबर रंगही फिका करतो. तिला हवा असलेला नवरा नेमका तोच, ज्याला तिचा चेहरा कसा झाकायचा ते कळत होतं. लग्न चार वर्षं टिकलं.

१९४९

या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

बॅलर्डशी घटस्फोट झाला. त्याआधीच ती इटलीतल्या काउंट जॉर्जो चिनीच्या प्रेमात पडली होती. व्हेनिसचा धनाढ्य घरातला देखणा, तरुण माणूस. ३१ ऑगस्टला कानजवळ त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. ती त्याला निरोप द्यायला विमानतळावर आली होती, असं सांगतात. त्याच्या वडिलांनी पुढे दोन वर्षांनी मुलाच्या नावाने व्हेनिसच्या सान जॉर्जो बेटावर मोठी सांस्कृतिक संस्था उभी केली. ती आजही आहे. मर्लकडे मात्र त्याच्यासाठी शोक करायला नातं नव्हतं. ना बायको, ना विधवा.

आणि त्याच वर्षी तिने शार्लटचं चित्र काढून घेतलं. जुन्या फोटोवरून. चित्रकाराला तिची सूचना अशी: रंग उजळ ठेवा.

या मागणीवर लोक आजही तुटून पडतात. आईला आधी मोलकरीण केलं आणि मेल्यावर गोरी केलं, असं म्हणतात. माझं मन तसं म्हणायला धजत नाही. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला विसरायचं असतं, तर चित्र काढायचंच कशाला? फोटो पेटीच्या तळाशी राहिला असता. मर्लला ती भिंतीवर हवी होती. दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या देखत, ‘ही माझी आई’ असं बोट दाखवता येईल अशी. जिला जिवंतपणी चहाचा ट्रे घेऊन आत जावं लागलं, तिला तिने मेल्यानंतर बाहेरच्या खोलीत बसवलं. त्यासाठीची किंमत कातडीच्या रंगात द्यावी लागली. दुसऱ्या कुठल्या चलनात ती देता येईल, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शाळेत नाही, फिर्पोजमध्ये नाही, स्टुडिओत तर नाहीच.

नवरा आणि प्रियकर दोघेही आयुष्यातून गेले त्या वर्षी तिला आई आठवली, एवढं मला त्या चित्रातून वाचता येतं. त्यानंतर ती जिथे जिथे राहिली, तिथे ते चित्र तिच्याबरोबर गेलं.

मेक्सिको

१९५७ला तिने ब्रुनो पाल्याइशी लग्न केलं. इटलीत जन्मलेला, मेक्सिकोत पोलाद आणि इतर उद्योगांतून गडगंज झालेला माणूस. मेक्सिको सिटी, कुएर्नावाका, आकापुल्को इथे घरं. मर्लला स्वतःचं मूल नव्हतं. दोघांनी इटलीतून दोन मुलं दत्तक घेतली. सोळा वर्षं चाललेलं हे तिचं सगळ्यात लांब लग्न.

नवऱ्याबद्दल मला यापुढे फार सांगावंसं वाटत नाही. पैसा होता, पार्ट्या होत्या, राजघराण्यातले पाहुणे होते. सांगावंसं वाटतं ते देशाबद्दल. मेक्सिकोत मिश्र रक्त ही बहुतेकांचीच गोष्ट, तिथल्या राष्ट्राने ती आपली ओळख म्हणून मिरवलेली. गहू-तपकिरी चेहऱ्यांच्या गर्दीत मर्लला पहिल्यांदाच अंगावरच्या उन्हाची भीती वाटली नसेल, असं मला मानावंसं वाटतं. आणि तरी तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट देश बदलला म्हणून सुटत नाही. ती सवय होऊन बसते.

आणि दत्तक मुलं. दुसऱ्याच्या पोटची मुलं आपली म्हणून वाढवणं हे तिने केलं, तेच शार्लटनेही केलं होतं. मर्लला ते माहीत नव्हतं, अशी माझी समजूत आहे. माहीत असतं तर या गोष्टीचा पुढचा भाग वेगळा झाला असता.

शेवटचा सोबती

१९७३ला तिने स्वतःचा पैसा घालून एक चित्रपट काढला, ‘इंटरव्हल’. वाढत्या वयाची बाई आणि तिच्याहून बराच लहान पुरुष यांची प्रेमकथा. नायक होता डच नट रॉबर्ट वोल्डर्स, तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. त्याच वर्षी पाल्याइशी घटस्फोट झाला आणि १९७५ला तिने वोल्डर्सशी लग्न केलं. चित्रपट पडला, लग्न टिकलं. लोक कुजबुजले, पण वोल्डर्स तिच्या मृत्यूपर्यंत तिच्याबरोबर राहिला. पुढे तो ऑड्री हेपबर्नचाही तिच्या शेवटापर्यंत सोबती होता, त्यावरून माणूस कसा होता ते कळतं. या लग्नातून तिला काही मिळवायचं नव्हतं. नाव होतं, पैसा होता, उजेडाची गरज संपली होती. चारांपैकी हे एकच लग्न मला निव्वळ सोबतीचं वाटतं.

होबार्टचं आमंत्रण

१९७८ला ती होबार्टला गेली. टास्मानियाच्या लोकांनी तिला आपली लेक मानलं होतं, तिच्या नावाचं एक नाट्यगृहही तिथे होतं. महापौरांनी सत्कार ठेवला. सत्काराच्या थोडं आधी तिच्या जन्माची नोंद इथे नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, पण समारंभ रद्द करणं बरं दिसलं नसतं. तिथे पोचल्यावर तिने स्वतःच सांगितलं की आपला जन्म इथला नाही. मग बरं वाटत नाही म्हणून ती निघून गेली. उरलेले दिवस हॉटेलच्या खोलीत. नाट्यगृह पाहायलाही गेली नाही.

का गेली असेल ती? पंचेचाळीस वर्षं ज्या गावाचं नाव सांगून जगलो, ते गाव एकदा डोळ्यांनी बघावं, असं तिला वाटलं असेल. आणि गेल्यावर तिथल्या लोकांच्या तोंडावर ते खोटं पुन्हा उच्चारणं जमलं नसेल. पत्रकारांपुढे, नवऱ्यांपुढे, स्टुडिओपुढे जमलं. त्या साध्या, आनंदाने आलेल्या माणसांपुढे नाही जमलं. मला ती त्या दिवशी जितकी आवडते, तितकी कुठल्याच चित्रपटात आवडत नाही.

टास्मानियातले काही लोक तिच्या नकारानंतरही ती आपलीच, असं म्हणत राहिले. तिथल्या एका चिनी वंशाच्या हॉटेल-कामगार बाईची ती मुलगी, अशी दंतकथाही तिथे रुजली आहे. म्हणजे तिकडच्या लोकांनीही तिला एक सावळी, कष्टकरी, दडवलेली आई देऊ केली. इतक्या लांबून, काही माहीत नसताना.

दारावर आलेला भाऊ

आता राहिलेली एक गोष्ट. कॉन्स्टन्सच्या मुलांपैकी एकाने मुंबईत मर्लचा जन्माचा दाखला शोधून काढला. तोवर तो स्वतःला तिचा भाचा समजत होता. ती आईची बहीण ना. दाखल्यावर आईच्या जागी कॉन्स्टन्सचं नाव होतं. तो भाचा नव्हता, भाऊ होता.

तो लॉस एंजलिसला तिला भेटायला गेला. तिने भेट नाकारली.

त्याच्या हातात काय आहे, हे तिला कळलं होतं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. बहुधा तिला दिसला असेल तो मुंबईहून आलेला एक नातेवाईक, म्हणजे पुन्हा बेन फिनीने शार्लटला पाहिलं तो दिवस, पुन्हा शेजारी येऊन उभा राहणारा सावळा चेहरा. तिने आयुष्यभर ज्या कारणाने दार लावून घेतलं, त्याच कारणाने याही वेळी लावलं. पण या माणसाकडे तिच्यासाठी धमकी नव्हती. त्याच्याकडे तिची आई होती.

आणि तो मोठ्या मनाचा निघाला. मर्लच्या मृत्यूनंतर तिचं चरित्र लिहिणारे त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्याने ही गोष्ट सांगितली नाही. आजीने झाकलेली मूठ त्यानेही झाकून ठेवली. ती जगासमोर आली २००२मध्ये, एका ऑस्ट्रेलियन माहितीपटाच्या निमित्ताने. तोवर ज्यांना ती बोचली असती, ते कुणी उरले नव्हते.

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी पक्षाघाताने मालिबूमध्ये मर्लचा मृत्यू झाला. वय अडुसष्ट. घराच्या भिंतीवर शार्लट होती, उजळ रंगाची. कॉन्स्टन्सचं चित्र त्या घरात नव्हतं. तिचं नाव होतं मुंबईच्या दाखल्यावर, ‘आई’ या रकान्यात, १९११ सालच्या शाईत.